सुलटी आग

“बाई, धूर येनार न्हाई म्हनला हुता न्हवं?” धुरातून कलाक्कांचा आवाज आला.

कलाक्का मला दिसत नव्हत्या. मी स्वतः कुठे उभी आहे हेही मला नीट कळत नव्हतं. “अगदीच येणार नाही असं नव्हते म्हणाले,” असं मी खोकत खोकत सुरू केलं, तेवढ्यात चुलवाणाच्या, म्हणजे गुऱ्हाळाच्या मोठ्या चुलीच्या, तोंडातून असा भपकारा आला की चष्म्याच्या दोन्ही काचा काळ्या झाल्या. मी चष्मा पदराला पुसला. मग पदरही गेला.

“म्हनला हुता,” जाळ घालणारे दौलूनाना शांतपणे म्हणाले. “मी हितंच बसलो हुतो.”

तो सोमवार होता. गुरुवारी सकाळी ह्याच चुलवाणाची सगळ्या निगवडे गावासमोर परीक्षा होती. त्यात ते नापास झालं तर कलाक्कांचं गुऱ्हाळ कायमचं बंद होणार होतं, आणि नापास होण्याची सगळी तयारी मी जातीनं केली होती.

मी तेव्हा कोल्हापुरातल्या एका तंत्रनिकेतनात शिकवत होते. वय एकोणतीस, आणि आपल्याला सगळं येतं याची पुरेपूर खात्री. त्या वयात ती बहुतेकांना असते, पण मी ती नकाशासकट खेड्यात घेऊन गेले होते. झालं होतं असं की, थंडीत विद्यार्थ्यांची सहल घेऊन मी निगवड्याला गुऱ्हाळ बघायला गेले. पोरांनी काकवी चाटली, ऊस खाल्ला, गरम गूळ फुंकून फुंकून खाल्ला. गुऱ्हाळावर आलेला माणूस गोड तोंडाशिवाय परत जात नाही, ही तिथली रीत. आमची तोंडं गोड होत असतानाच समोरच्या गच्चीवरून एक बाई माझ्याकडे बघून ओरडली.

“ओ बाई! तिला सांगा, आज बी माझं पापड काळं झाल्यात!”

‘तिला’ म्हणजे कलाक्कांना. त्या माझ्या शेजारी, अगदी हातभर अंतरावर उभ्या होत्या आणि त्यांना सगळं स्वच्छ ऐकू आलं होतं.

“बाई, तिला सांगा,” कलाक्का मला म्हणाल्या, “वारं माझ्या हातात न्हाई.”

गच्चीवरची बाई म्हणजे सुशीलावहिनी, कलाक्कांची सख्खी धाकटी जाऊ. त्यांचा बायकांचा गट पापड करायचा. गुऱ्हाळाची काजळी उडून पापडांवर पडायची. पहिलं वर्षभर त्यांनी उडदाच्या पापडातली काजळी मिरी म्हणून खपवली, पण तांदळाच्या पापडाला मिरी कुठून आणणार? तिथून दोघींचं बोलणं बंद पडलं, त्याला दोन वर्षं झाली होती. मध्ये कुणी तिसरा माणूस सापडला तरच त्या भांडायच्या. त्या दिवशी मी सापडले.

“तिला सांगा, माझ्या नवऱ्याच्या सदऱ्यावर बी काजळी पडती!”

“तिला सांगा, तिचा नवरा माजा दीर हाय. त्याचं सदरं मी बी धुतल्यात, तिच्या आधी!”

मी दोन्हीकडे बघत मान हलवत राहिले. चूक सुशीलावहिनींची नव्हती, हे कलाक्कांनाही कळत होतं. पूर्वी जाळाला जोर यावा म्हणून गुऱ्हाळावर टायरीचे तुकडे टाकत, ते त्यांनी स्वतःहून बंद केलं होतं. पण अर्धवट वाळलेलं उसाचं चिपाड जळताना धूर करायचंच. शेवटी गावसभेत ठरलं की, ह्या हंगामात धूर थांबला नाही तर चुलवाण पाडायचं.

कलाक्का सासूच्या हाताखाली ह्या काहिलीवर, रस उकळायच्या ह्या मोठ्या कढईवर, शिकल्या होत्या. रसाला उकळी फुटली, भेंडीचं पाणी पडलं आणि मळी वर आली की नुसत्या वासावरून त्या गूळ कसा उतरणार ते सांगायच्या. “गुऱ्हाळ गेलं तर मी घरात नुसती भाकऱ्या थापायला उरीन, बाई,” त्या सहज म्हणाल्या. डोळ्यांत पाणी वगैरे काही नव्हतं. पण ते वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही, आणि तोंडातून नको ते निघून गेलं.

“धूर बंद करून देते मी,” मी म्हणाले.

पुढच्या रविवारी मी बशी, थोडं रॉकेल आणि उभी चिरलेली काचेची चिमणी घेऊन कलाक्कांच्या स्वयंपाकघरात हजर झाले. बशीतलं रॉकेल पेटवलं. काळ्या धुराची शेंडी उठली. मग चिमणीची दोन अर्धुकं बशीभोवती उभी केली, पण समोरासमोर नाही, जराशी सरकवून, म्हणजे दोन्ही फटींतून हवा तिरकी आत शिरेल. आग क्षणभर अडखळली आणि गरगर फिरायला लागली. फिरता फिरता वीतभर उंच झाली, शेंडीचा धूर गेला आणि बुडाशी निळी झाक आली. मी वर पांढरी वाटी धरली. वाटी जवळजवळ पांढरीच राहिली.

“देव हाय का भूत?” कलाक्का म्हणाल्या.

“हवा आहे,” मी म्हणाले. “फिरती आग चारी बाजूंनी हवा ओढून घेते. पुरेशी हवा मिळाली की काजळी बाहेर पडायच्या आधी आतच जळून जाते.”

समुद्रात सांडलेलं तेल अशा फिरत्या आगीनं कमी धुरात जाळता येईल का, यावर आज देशोदेशी प्रयोग चालतात. माझ्याकडे तेव्हा एक बशी होती आणि एक गुऱ्हाळ.

दौलूनाना कोपऱ्यात बसून बघत होते. वय पंचावन्नच्या आसपास, भुवया जाळानं कायमच्या गेलेल्या. चुलवाण बांधायचंही त्यांनीच आणि त्यात जाळ घालायचाही त्यांनीच. ते बशीजवळ आले, आगीकडे बराच वेळ बघत राहिले, मग माझ्याकडे बघितलं. काहीतरी विचारायचं होतं त्यांना. पण मी तोवर नकाशा उलगडला होता.

नकाशा सुबक होता. गोल चुलवाण, भिंतीत लोखंडी नळ्यांची आठ भोकं खाली, आठ वर, सगळी तिरकी, म्हणजे हवा भिंतीला घासून आत शिरेल. मधोमध आगीचा मोठा गोल बाण.

“ह्यात एक इंचसुद्धा बदल करायचा नाही, नाना,” मी म्हणाले.

“न्हाई करत,” नाना म्हणाले.

खालची ओळ माझ्यासमोर बसली. मग कॉलेजात परीक्षा लागल्या आणि मी आठवडाभर अडकले. वरची ओळ नानांनी एकट्यानं बसवली. आणि सोमवारी, काहिलीत नुसतं पाणी घालून पहिला जाळ घातला तेव्हा आग फिरायच्या ऐवजी जागच्या जागी गुदमरली आणि जुन्या चुलवाणाच्या दुप्पट धूर झाला. सुशीलावहिनींनी गच्चीवरचे पापड नुसते गोळा करून आत नेले. ते मला जास्त लागलं.

त्या रात्री मी नकाशा चारदा तपासला. चूक कागदावर नव्हती.

मंगळवारी सकाळी मी उदबत्तीचा पुडा घेऊन पोचले. काहील बाजूला घ्यायला लावली, चुलवाणाच्या तळाशी मूठभर चिपाड पेटवलं, आणि नानांना म्हणाले, “बाहेरून एकेका भोकाशी उदबत्ती धरा. मी वरून बघते.”

त्यांनी खालच्या भोकाशी धरली. धुराची रेघ आत आली आणि डावीकडून फिरली, थेट माझ्या बाणासारखी. दुसरं भोक, तिसरं, आठही. सगळं बरोबर.

“आता वरची.”

नाना उठेनात.

“नाना, वरची धरा ना.”

त्यांनी धरली. धुराची रेघ आत आली आणि उजवीकडून फिरली.

मी दुसरं भोक बघितलं, तिसरं बघितलं. वरची आठही भोकं धूर उजवीकडून फिरवत होती. खालची ओळ आग एकीकडे फिरवत होती, वरची तिला उलटं ढकलत होती. दोन बैल दोन दिशांना जुंपल्यावर गाडी जाणार कुठे?

“नाना, हे काय केलंत?” माझा आवाज चढला होता. “कागद दिला होता मी तुम्हाला. बाण काढून दिला होता!”

“दिला हुता,” नाना म्हणाले.

“मग?”

त्यांनी उदबत्ती जमिनीत खोचली. डोक्याचं मुंडासं काढलं, मांडीवर ठेवलं.

“बाई, तुमचा बान उलटा हाय.”

“उलटा म्हणजे?”

“उलटा मंजे उलटा. देवाभवती आपन असं फिरतो.” त्यांनी हवेत उजवीकडून गोल हात फिरवला. “लग्नात हुमाभवती बी असंच. तुमचा बान असा हाय.” हात उलटा फिरला. “असं कुठं फिरत्यात, ठावं हाय न्हवं तुमाला? खांद्यावर मडकं घिऊन.”

मला ठाऊक होतं. सरणाभोवती. मला एका क्षणात कळलं आणि त्याच क्षणी मी ते कळून घ्यायचं नाकारलं.

“अहो, हे चुलवाण आहे, नाना!”

“तेच म्हनतो की. ह्या आगीला मी हंगामाला नारळ फोडतो. पैल्या आदनाला गुळाचा खडा देतो. चाळीस वरसं तिच्या म्होरं बसून खाल्लंय. तिला उलटी कशी फिरवू?”

“मग खालची ओळ बसवताना का नाही बोललात?”

“तुमी हुभ्या हुता न्हवं. कॉलेजातनं आलेलं मानूस, छापील कागद, वर म्हनला एक इंच बदलायचं न्हाई.” त्यांनी मांडीवरचं मुंडासं सारखं केलं. “म्हनून इचार केला, खालची वळ तुमच्या मनासारकी असू दे, वरची आगीच्या मनासारकी करू. तुमचा बी मान राहील, आगीचा बी.”

कलाक्का तोवर येऊन मागे उभ्या राहिल्या होत्या. त्यांनी कपाळावर हात मारला. “आन माजं गुऱ्हाळ कुनाच्या मनासारकं करनार हुता, नाना?”

मला ओरडायचं होतं. विज्ञान आणि अंधश्रद्धा ह्या विषयावर माझ्याकडे पाऊण तासाचं भाषण तयार होतं. तोंड उघडलं आणि मनात आलं, बाण मी डावीकडून का काढला? कारण शोधायला लागले, तर सापडेना. आग डावीकडून फिरली काय, उजवीकडून फिरली काय, तिच्या गुणात तसूभर फरक पडत नाही. बशीतली आगसुद्धा मी चिमणी जशी सरकवली तशी फिरली होती. मग माझ्या लक्षात आलं. मी डावखुरी आहे. पेन्सिल माझ्या हातून तशीच फिरते. ज्या बाणासाठी मी एक इंच हलायला तयार नव्हते, त्याच्यामागे माझ्या मनगटाच्या सवयीपलीकडे काही नव्हतं.

मी चुलवाणाच्या काठावर बसले आणि हसायला लागले. आधी जरा, मग चष्मा काढावा लागला इतकं.

“बाईस्नी धूर लागला,” नाना काळजीनं कलाक्कांना म्हणाले.

“नाना,” मी म्हणाले, “सगळीच सुलटी करू. खालची आठ काढा आणि फिरवा.”

“चालतंय व्हय तसं?” नाना चकित झाले.

“दोन्हीकडून चालतं. फक्त सगळ्या भोकांचं एकमत पाहिजे. आगीला काय कळतंय डावं-उजवं!”

“आगीला कळतंय, बाई,” नाना मुंडासं परत बांधत म्हणाले. “तुमाला कळत नव्हतं.”

दिवसभर आम्ही भिंत फोडून नळ्या उलट्या बसवल्या. माती पायांनी मी तुडवली. कलाक्कांनी पाणी घातलं, आणि प्रत्येक नळीचा तिरकेपणा नानांनी बोट घालून तपासला. संध्याकाळी गच्चीवरून आवाज आला, “बाई, तिला सांगा, ओल्या मातीला एकदम जाळ घातला तर तडकंल. बुधवारी नुसता निखारा ठेवा म्हनावं.”

कलाक्का वर न बघता म्हणाल्या, “तिला सांगा, ठावं हाय.” पण बुधवारी निखाराच ठेवला.

गुरुवारी सकाळी सगळं गाव गुऱ्हाळाभोवती. परीक्षा सरपंचांनी ठरवली होती तीच, सोपी आणि बिनतोड: सुशीलावहिनींच्या गच्चीवर पांढरं कापड पसरायचं, एक आदण, म्हणजे काहीलभर रसाचा गूळ होईपर्यंत ते तिथेच राहील, मग सगळ्यांसमोर खाली आणायचं. कापड काळं झालं तर चुलवाण पाडायचं. सुशीलावहिनींनी पापड वाळवायचंच नवं कोरं कापड आणलं होतं.

काहिलीत रस पडला. नानांनी गुळाचा खडा माझ्यापुढे केला. “आज तुमी द्या.”

मी हात पुढे केला.

“उजव्या हातानं, बाई.”

मी उजव्या हातानं खडा आत टाकला. नानांनी चिपाड सारलं आणि पेटवलं. धुराड्यातून पहिल्यांदा काळा लोट निघाला. गर्दीत कुजबुज सुरू झाली. कलाक्कांनी माझं मनगट धरलं आणि इतकं दाबलं की बांगडी रुतली. मी मनात आकडे मोजत होते आणि तेही चुकत होते.

मग नाना ओरडले.

“फिरतीया! कलाक्का, फिरतीया!”

मी वाकून बघितलं. चुलवाणात आग उभी राहिली होती. भिंतीला घासून उजवीकडून गरगरत वर चढत होती आणि काहिलीच्या बुडाला जाऊन भिडत होती. तिचा आवाज जात्यासारखा एकसारखा येत होता. बाहेर येऊन वर बघितलं, तर धुराड्याच्या तोंडावर नुसती हवा थरथरत होती. नाना सवयीनं कवेत मावेल एवढं चिपाड उचलायचे, आत बघायचे आणि पुन्हा खाली ठेवायचे. “खातच न्हाई की वो जास्त,” ते म्हणाले. चाळीस वर्षांत पहिल्यांदा त्यांना जाळासमोर बसून तंबाखू मळायला सवड मिळाली.

मला मात्र चैन नव्हती. त्या अडीच तासांत मी काही ना काही निमित्त काढून चारदा गच्चीवर जाऊन आले.

गूळ निववायच्या वाफ्यात ओतला गेला. सुशीलावहिनी कापड घेऊन खाली आल्या. सरपंचांनी एक टोक धरलं, त्यांनी दुसरं, आणि कापड उलगडलं.

पांढरं. मधे पांढरं, कडेला पांढरं. आणि एका कोपऱ्यात काळा डाग.

कलाक्का खाली बसल्या. मी त्यांच्याकडे बघू शकत नव्हते. सुशीलावहिनींनी डाग नाकाजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ नेला. कापड त्यांचं, पापड त्यांचे, दोन वर्षांचा राग त्यांचा. त्या क्षणी त्यांनी नुसती मान हलवली असती तरी गुऱ्हाळ संपलं असतं.

“थांबा,” त्या म्हणाल्या. “काजळी उडून आली तर तिला बोटं असत्यात व्हय?”

त्यांनी कापड जमिनीवर पसरलं. डागाला पाच बोटं होती. त्यांनी त्यावर स्वतःचा उजवा हात ठेवून बघितला. “अंगठा भलतीकडं हाय. ह्यो डावा हात. आपल्यात डावरं कोन हाय?”

सगळं गाव माझ्याकडे वळलं. चष्मा पुसायचा रुमाल माझ्या डाव्या हातात होता. मी हात पाठीमागे नेला, पण तोवर फार उशीर झाला होता. काजळी पडली का ते बघायला मी वाकले होते आणि चुलवाणाशी बरबटलेला हात टेकून वाकले होते.

“मी... जरा जवळून बघत होते,” मी म्हणाले.

हशा इतका मोठा झाला की वाफ्यावरच्या माश्या उडाल्या. सरपंच म्हणाले, “चुलवान पास. बाई नापास.” मी आयुष्यात इतक्या आनंदानं कधी नापास झाले नाही.

हसू ओसरलं तरी कलाक्का तशाच बसून होत्या, पदर तोंडाला लावून. सुशीलावहिनींनी कापडाची घडी घातली, माझ्यासमोरून पुढे गेल्या आणि त्यांच्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या. मी सवयीनं निरोप पोचवायला तयार झाले. पण त्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही.

“आक्का,” त्या म्हणाल्या, “काकवी हाय का? तोंड गोड केल्याबिगर जाऊ दिऊ नगंस.”

कलाक्का उठल्या आणि वाटी आणायला धावल्या. वाटी भरताना अर्धी काकवी जमिनीवर सांडली.

ते कापड सुशीलावहिनींनी कधीच धुतलं नाही. त्यांच्या पापडाच्या खोलीत ते आजही काचेच्या चौकटीत आहे. नवीन बाई कामाला आली की तिला ते दाखवतात, आणि मी तिथे असले तर मलाही दाखवतात. त्यानंतर आसपासच्या गावांत मी चौदा चुलवाणं बांधून घेतली. नकाशा देते, मापं देते, बाण मात्र काढत नाही. जाळ घालणाऱ्याला विचारते, कुठून फिरवू या. आजवर एकानंही डावीकडून सांगितलेलं नाही.

गेल्या मार्गशीर्षात दौलूनाना गेले, चांगले पिकलं पान होऊन. अंत्यविधीला मी गेले होते. त्यांचा मुलगा खांद्यावर मडकं घेऊन सरणाभोवती फिरला, डावीकडून. माझ्या कागदावरच्या बाणासारखा. त्या दिवशी कुठे मला पुरतं कळलं की, ज्या आगीसमोर बसून त्या माणसानं जन्मभर भाकरी खाल्ली, तिचंच सरण स्वतःच्या हातांनी बांधून दे, असं मी त्यांना सांगितलं होतं. आणि माझा मान राहावा म्हणून त्यांनी ते अर्धं बांधलंसुद्धा होतं. मला रडू आवरेना.

तेरावं झाल्यावर कलाक्कांनी नव्या हंगामाचं पहिलं आदण घातलं. नानांचा मुलगा जाळापुढे बसला होता. त्यानं गुळाचा खडा माझ्यापुढे केला, आणि काही सांगायला तोंड उघडलं.

“माहीत आहे,” मी म्हणाले, आणि उजवा हात पुढे केला.